आमच्या ऑर्गनच्या बाईंना

प्रिय बाई,

सलाम.

अख्खं चर्च तुम्हाला नावाने हाक मारतं, माझी नऊ वर्षांची मुलगीसुद्धा. मला इथे सात वर्षं झाली तरी जीभ वळत नाही. नगरला शिकवणारी ती बाई, आणि गाणं शिकवणारी असेल तर दुप्पट बाई. त्यामुळे आमच्या घरात तुम्ही ‘बाई’च आहात. ‘बाई रागावतील’, ‘बुधवारी बाईंकडे’ एवढं म्हटलं की चारही जणांना कळतं.

मे महिन्यात मी तुम्हाला आभाराचं कार्ड दिलं होतं. इंग्रजीत, तीन ओळींचं. त्यातली एक तर कार्डावर आधीच छापलेली होती. उरलेलं आता लिहिते.

इतर कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ला नगरला पोचलं, आणि त्याला माणसं आणि पैसे पाठवणारं बोर्ड होतं बॉस्टनचं. म्हणजे आज मी ज्या मुलखात बर्फ उपसते, तिथूनच ती माणसं जहाजात बसून आमच्याकडे आली. पण ती काँग्रिगेशनल, साध्या उपासनेच्या पंथाची. पांढरे झगे, मेणबत्त्या, दर दोन मिनिटांनी उठणं-बसणं-गुडघे टेकणं हे त्यांनी आम्हाला शिकवलं नाही. प्रभुभोजनाला आम्ही जागेवर बसून छोट्या पेल्यांतून घेतो. तेव्हा मी इथे येऊन एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, चर्चमध्ये जाईन असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. कागदोपत्री काही अडलं नाही. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हाच आम्ही आणि तिथले अँग्लिकन एका छपराखाली आलो होतो. माझ्या पाळकसाहेबांचं पत्र तुमच्या रेक्टरांनी, म्हणजे इथल्या मुख्य पाळकांनी, लगेच स्वीकारलं. खरं कारण मात्र साधं होतं. चर्च घरापासून चालत बारा मिनिटांवर, आणि फाटकाजवळ पाटी: मुलांचा कॉयर, निवड चाचणी नाही, फी नाही.

मुलीचं तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या गळ्यात आता कॉयरमधली पायरी चढल्याची फिकट निळी रिबन आहे. ती मला जेवताना पाठ टेकू देत नाही, कारण ‘श्वास अडतो’. मेरीचं गीत आणि शिमोनाचं गीत, संध्याकाळच्या उपासनेतली ही दोन्ही तिला पाठ आहेत. मेरीच्या गीतातलं ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ हे मी लहानपणी वचन म्हणून घोकलं होतं. ते गायचं असतं हे मला माझ्या मुलीने शिकवलं. धाकटा अजून बाकाखाली रंगखडू शोधत रांगतो आणि तुम्ही त्याच्याकडे कानाडोळा करता. त्याबद्दल आभार. पण पत्र त्यासाठी नाही.

पत्र पप्पांसाठी आहे.

आई जूनमध्ये गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी पप्पांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आले. चाळीस वर्षं त्यांनी चर्चमध्ये पेटी वाजवली. रविवारी सकाळी पेटी, नाताळात गल्लोगल्ली पेटी, लग्नात पेटी, मातीला पेटी. आई गेल्यावर त्यांनी ती झाकली आणि वर आईची शाल टाकली. इकडे आले तेव्हा बोलणं असं नव्हतंच. ‘चहा?’ ‘चालेल.’ ‘थंडी वाजते?’ ‘नाही.’ दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या गाडीवर बर्फ कसा साठतो ते बघायचे.

रविवारी आमच्याबरोबर यायचे, मागच्या बाकावर बसायचे. ७२० गीतांचं ते जाड पुस्तक उघडायचे नाहीत. पण एका रविवारी मला बाजूने पुटपुटणं ऐकू आलं. चाल ऑर्गनची, शब्द मराठी! ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतांच्या पुस्तकात जशा रे. ना. वा. टिळकांच्या भजनांच्या देशी चाली आहेत तशाच मिशनऱ्यांबरोबर आलेल्या विलायती चालीही आहेत. इथले लोक इंग्रजीत गात होते आणि पप्पा त्याच चालीवर, त्यांच्या एक मात्रा पुढे, मराठीत. पेटीवाल्याची सवय, मंडळी मागे पडते म्हणून तो नेहमी थोडा पुढे असतो.

तुम्ही हे वरून, ऑर्गनच्या आरशात पाहिलंत. त्या दिवशी कॉफीच्या वेळी तुम्ही हातात लिंबाच्या वडीची बशी घेऊन सरळ त्यांच्याकडे आलात आणि माझ्या मुलीला दुभाषी करून म्हणालात, की मला पानं उलटायला माणूस हवा आहे. दोन्ही हात गुंतलेले असतात, दोन्ही पाय गुंतलेले असतात, पान कोण उलटणार?

पप्पा म्हणाले, मला ती रेघांची लिपी वाचता येत नाही. सारेगम सांगा, वाचतो.

तुम्ही म्हणालात, वाचायचं नाहीच आहे. मी मान हलवली की उलटायचं.

एवढंच काम. पण बाई, त्या कामासाठी ते बुधवारी दुपारी तीन वाजल्यापासून तयार होऊन बसायचे. तालीम पाचला. दाढी, इस्त्रीचा शर्ट, वर आईने विणलेला स्वेटर. आईच्या हातची ती लोकर त्यांनी जूनपासून अंगाला लावली नव्हती.

पहिल्या महिन्यात काय काय झालं! ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, एका संध्याकाळी, नऊ वचनं आणि नऊ गीतं असा तो कार्यक्रम, त्यांनी घाईत दोन पानं एकदम उलटली. तुम्ही चार-पाच मात्रा मनानेच काहीतरी वाजवून वेळ मारून नेलीत, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पप्पांच्या आलं. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला की ती नवी जागा मला आवडली, पुढच्या वेळी पुन्हा तशीच चूक करा. मी भाषांतर केलं. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘बाईला साथ करणं माहिती आहे.’ आमच्याकडे यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नसतं.

मग त्यांनी कामाचा पसारा वाढवला, न सांगता. रविवारची सगळी गीतं आधी शोधून पुस्तकात चिठ्ठ्या घालून ठेवायच्या. चिठ्ठ्यांवर आकडे मराठी. आपला ४ म्हणजे तुमचा 8, त्यामुळे तुम्ही दोन आठवडे बुचकळ्यात होतात की साधा माणूस आठच्या गीतांवर एवढा का अडून बसलाय. शेवटी माझ्या मुलीने १ ते ९ लिहून ऑर्गनच्या लाकडावर चिकटवलं. तो कागद अजून तिथेच आहे. परवा बघितला, कडा पिवळ्या पडल्यात.

नाताळाआधी तुम्ही त्यांना फिलिप्स ब्रुक्सची गोष्ट सांगितलीत. ज्यांचा पुतळा बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चबाहेर आहे तेच ब्रुक्स. १८६८ साली फिलाडेल्फियात असताना त्यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी बेथलेहेमचं गीत लिहिलं आणि चाल लावायला दिली ऑर्गनवाल्या रेडनर यांच्याकडे. रेडनर यांना चाल सुचली ती गीत गायच्या आदल्या रात्री, झोपेतून जाग आल्यावर. पप्पा मनापासून हसले. ‘पाळक शब्द शनिवारीच देतात, सगळीकडे सारखंच,’ म्हणाले. जूननंतर मी त्यांचं पहिलं हसू ऐकलं ते तेव्हा, तुमच्या त्या थंडगार ऑर्गनच्या माडीवर.

पेटीचं तर तुम्हीच काढलंत. मी मराठी मंडळातल्या एका घरून उसनी आणली. तुम्ही भाता हलवून पाहिलात, आतल्या सुरपट्ट्या बघितल्यात आणि म्हणालात, ही तर आमच्याच घरातली, पॅरिसमध्ये १८४२ला हिचं पेटंट घेतलं होतं. पप्पा म्हणाले, असेल. पण तिला मांडी घालून बसायला कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी शिकवलं. मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून भाषांतर करत होती आणि दोघंही तिचं ऐकत नव्हते, एकमेकांच्या बोटांकडे बघत होते.

ठरलं असं, की लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, आधीच्या एका रविवारी, लोक प्रभुभोजनाला रांगेने येत असताना, रे. टिळकांचं एक भजन. पेटी पप्पांची, साथ ऑर्गनची. बुधवारी दोन्ही एकत्र वाजवून पाहिलं आणि धाकट्याने कानांवर हात ठेवले. पेटी मुळातच जरा चढी. त्यात तुम्ही समजावलंत की आठवडाभर चर्चचं हीटिंग कमी ठेवतात, गारठ्यात ऑर्गनच्या पाइपांचा सूर उतरतो, पेटीच्या पट्ट्यांना मात्र थंडीचं फारसं काही वाटत नाही. म्हणजे दरी आणखी रुंद. मला वाटलं, झालं, रद्द. एवढा मोठा ऑर्गन काही एका उसन्या पेटीसाठी कुणी लावून घेणार नाही.

तुम्ही ऑर्गन बंद केलात. चक्क मोटरचं बटण बंद. आणि आल्टो आणि बेस बायका-पुरुषांना पेटीभोवती उभं करून म्हणालात, सूर यांच्याकडून घ्या आणि तोंड मिटून धरा. खालचा सा बेसनी, प आल्टोंनी. माणसाच्या गळ्याला चढं-उतरं कसलं, जिथे न्याल तिथे जातो. त्या वीस गोऱ्या मंडळींचा तानपुरा झाला बाई. पप्पांनी डोळे मिटले, भजनाच्या आधी एक छोटा आलाप घेतला, जो तालमीत ठरलाच नव्हता. पुस्तिकेत तुम्ही कवीचं नाव छापलं होतं. ज्या माणसाने १८९५ला बाप्तिस्मा घेतला, नगरला राहून अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती गाणी लिहिली, त्याचे शब्द त्याच्या मिशनच्या मूळ गावाजवळ, तेही चुकीच्या पंथाच्या चर्चमध्ये! रांगेतले लोक घास घेऊन परत जागेवर जायला विसरत होते. पेटी कुणाला किती कळली माहीत नाही. त्या दिवशी पप्पांनी आणलेला चिवडा मात्र सगळ्यांनी चमच्याने खाल्ला, हे मी कधीही विसरणार नाही.

आणि पवित्र सप्ताहातला बुधवार. एकेक मेणबत्ती विझवत जाणारी ती अंधाराची उपासना आम्हाला नवीन होती. शेवटची पेटती मेणबत्ती आड नेतात, पूर्ण काळोख होतो आणि त्या काळोखात भूकंपासारखा एक मोठा आवाज करायचा असतो. वर्षातला सगळ्यात मोठा आवाज. तो तुम्ही आमच्या घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला दिलात. ‘कशाने करू?’ त्यांनी विचारलं. तुम्ही ऑर्गनच्या साथीच्या पुस्तकाचा जाड खंड त्यांच्या हातात दिलात.

त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून लाकडी जमिनीवर आपटला. एकदा आपटायचा होता, त्यांनी तीनदा आपटला. कुठेतरी बाळ रडायला लागलं. नियमाप्रमाणे सगळे न बोलता बाहेर पडले, आम्हीही. गाडीत बसल्यावर ते आईबद्दल बोलायला लागले. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याबद्दल, मला कुणीच न सांगितलेलं. घर आलं तरी मी गाडी थांबवली नाही, दोन चकरा जास्त मारल्या.

एप्रिलअखेर ते परत गेले. पेटीवरची शाल काढली आहे, असं शेजारच्या काकू कळवतात.

आता ती गोष्ट, जी कार्डात नव्हती. मे महिन्यात मुलगी सहज म्हणाली, बाईंनी त्यांचा टॅबलेट परत काढला. कसला टॅबलेट? तर म्हणे तुम्ही तीन वर्षांपासून कागद वापरतच नव्हता. सगळं संगीत टॅबलेटवर, आणि पान उलटायला पायाशी एक बटण. आजोबा ऑर्गनच्या माडीवर आले त्या आठवड्यात तो कपाटात गेला आणि तुम्ही तळघरातून धुळीची पुस्तकं वर आणलीत. जवळजवळ सहा महिने.

मी त्याच रात्री नगरला फोन लावला. पप्पांना सांगताना माझाच आवाज धड नव्हता. ते शांतपणे म्हणाले, ‘ते बटण मी पहिल्याच बुधवारी पाहिलं होतं. ऑर्गनच्या खाली सरकवून ठेवलेलं. वायर दिसत होती.’

मग तुम्ही काही बोलला का नाहीत?

‘बाईने एवढी पुस्तकं वर आणली होती,’ म्हणाले. ‘आणि तू तिला सांगू नकोस, मला माहीत होतं म्हणून.’

मी शब्द दिला आहे, बाई. म्हणून मराठीत लिहिलं.

तुमच्या दुसऱ्या रांगेतल्या, डावीकडून तिसऱ्या मुलीची आई