चि. सायलीस, एका वाक्याविषयी

ग्वाल्हेर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

त्या फलंदाजाला विश्रांती द्यावी असे सांगणारा तुझा रविवारचा लेख मी दोनदा वाचला आणि त्यानंतर तुझ्या मोबाइलवर आलेले जे निरोप काल रात्री तू मला वाचून दाखवलेस, तेही ऐकले. काही निरोप वाचताना तू मध्येच थांबलीस. पुढे काय लिहिले असेल ते मला न ऐकताच समजले. एका मुलीने क्रिकेटवर लिहावे याचाच ज्यांना राग येतो, त्यांच्याविषयी या पत्रात मी काही लिहिणार नाही. धमकीचे दोन निरोप आहेत ते पोलिसांकडे दे आणि संपादकांनाही दाखव. मला लिहायचे आहे ते फोन ठेवता ठेवता तू विचारलेल्या प्रश्नाविषयी: "आई, मी माफी मागू का?"

आज दुपारी मी माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. तिच्यात २००७ सालचे एक कात्रण आहे. त्या वर्षी वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात आपण बांगलादेशाकडून आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, श्रीलंकेविरुद्ध सचिन शून्यावर बाद झाला, आणि थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांनी मुंबईच्या 'मिड-डे'मध्ये लिहिले की सचिनने आरशासमोर उभे राहून आपण निवृत्त व्हावे का हे त्याला विचारावे, आणि आरसा 'हो' म्हणेल. इथल्या एका हिंदी वर्तमानपत्राने त्या लेखाचा सारांश छापला होता. तू तेव्हा लहान होतीस. मी त्या रात्री स्वयंपाक आटोपून अंतर्देशीय पत्र घेऊन बसले आणि संपादकांना जे काही लिहिले, ते आज तुला वाचून दाखवायची मला लाज वाटेल. त्याच महिन्यात रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते, आणि आदल्याच वर्षी वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत खुद्द मुंबईच्या प्रेक्षकांनी सचिनची हुर्यो उडवली होती. त्या लोकांविरुद्ध मी एक ओळही कधी लिहिली नाही. ते आपले होते आणि चॅपेल परके होते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काय झाले ते तुला पाठ आहे. त्या लेखानंतर सचिनने कसोटीत १६ आणि एकदिवसीय सामन्यांत ८ शतके काढली, आणि त्या आठांतले एक २४ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्या गावात, कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर झाले. तुझे बाबा आणि मी तिथे होतो. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध डावाचे शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा सचिन १९९ वर होता आणि स्ट्राइक, म्हणजे चेंडू खेळायची पाळी, धोनीकडे होती. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत तोपर्यंत कोणीही दोनशे धावा केल्या नव्हत्या. त्याआधीच्या षटकातही धोनी फटक्यांमागून फटके मारत होता आणि आमच्या रांगेतली माणसे त्याला शिव्या देत होती. अगं, आपल्याच संघाच्या फलंदाजाने षटकार मारला म्हणून आम्ही कपाळाला हात लावत होतो! माझ्या शेजारच्या काकू तर हात जोडून "एक रन ले ले बेटा, बस एक" असे म्हणत होत्या. तिसऱ्या चेंडूवर सचिनने ती धाव घेतली, हेल्मेट काढले, बॅट उंचावली, आणि मी त्या परक्या काकूंच्या गळ्यात पडून रडले.

घरी येताच मी हे कात्रण शोधून काढले आणि त्याच्या समासात लाल शाईने '२००*', म्हणजे नाबाद दोनशे, असे लिहिले. तेव्हा मला वाटले की हिशेब चुकता झाला. आज ते पुन्हा वाचताना मात्र माझ्या ध्यानात आले की चॅपेल यांच्या लेखात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक अशी की सचिन पूर्वीसारखा गोलंदाजांवर तुटून पडत नाही आणि या बाबतीत वेस्ट इंडीजचा फलंदाज ब्रायन लारा त्याच्या पुढे आहे. हे डोळ्यांना दिसणारे होते, त्या काळातल्या त्याच्या खेळात ते होते, आणि राग बाजूला ठेवला असता तर मलाही ते नाकारता आले नसते. दुसरी अशी की तो आता आकडे वाढवण्यासाठी खेळत असल्यासारखा दिसतो. ही गोष्ट चॅपेल यांना कुठून दिसली? १९९ वर उभ्या असलेल्या सचिनच्या मनात काय होते ते पन्नास-साठ यार्डांवरून मलाही कळले नाही. आमच्या मनात काय होते ते मात्र मी शपथेवर सांगते: तो आकडा आम्हाला हवा होता. आणि गंमत बघ, लाल शाईच्या माझ्या साऱ्या रेघा लारा आणि निवृत्ती या शब्दांखाली आहेत. आकड्यांच्या वाक्याखाली एकही नाही.

२०१९ च्या विश्वचषकात माजी फलंदाज आणि समालोचक संजय मांजरेकर म्हणाले होते की थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणारे खेळाडू एकदिवसीय सामन्यांत आपल्याला फारसे आवडत नाहीत आणि जडेजा सध्या तसा आहे. शब्द लागणारा होता, आणि जडेजानेही कडक शब्दांत उत्तर दिले. पण मत खेळाविषयीचे होते, त्यामुळे त्याला खेळाने उत्तर देता आले. मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध सहा गडी बाद असताना जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या आणि जडेजाने आपल्याला पुरते उघडे पाडले हे मांजरेकरांनी जाहीरपणे मान्य केले. सामना आपण हरलो तो भाग निराळा. आता मला सांग, 'तू पैशासाठी खेळतोस' या आरोपाला कोणता फलंदाज किती धावा काढून उत्तर देणार?

तुझ्या लेखात ते वाक्य आहे. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात, "करार वाचवण्यापुरता तो मैदानात उतरतो" असे. बाकी सगळा लेख मला पटला. आखूड टप्प्याच्या चेंडूवर त्याचा मागचा पाय हलत नाही हे तू पाच डावांचे दाखले देऊन मांडले आहेस, आणि त्याला विश्रांती द्यावी हे तुझे मत त्यातूनच निघते. ते मागे घेऊ नकोस. शंभर निरोप आले म्हणून घेऊ नकोस, आणि पुढच्या सामन्यात त्याने शतक काढले तरीही घेऊ नकोस; तेव्हा आपला अंदाज चुकला एवढे त्याच सदरात, तितक्याच ठळकपणे लिही.

माफी त्या एका वाक्याची माग. पुढच्या रविवारी, सदराच्या सुरुवातीलाच, दोन ओळींत. ज्यांनी तुला शिव्या दिल्या त्यांची मागू नकोस, त्या खेळाडूची माग. ते लोक म्हणतील की घाबरली. म्हणू देत.

कात्रण या पत्रासोबत पाठवते आहे. कागद घडीवर फाटायला आला आहे, जपून उघड. बाबा तुझी आठवण काढतात. जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझी,
आई