हजाराची पेन्शन आणि न उमटणारा अंगठा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींना घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी तीन ठिकाणी फिरलो, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, आज लिहायला बसलो.

मावशींचं वय 68. बारा-तेरा वर्षाच्या असल्यापासून बिडी वळली. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, दिवसाला हजाराच्या हिशोबानं, आणि कारखान्यात नेल्यावर त्यातली छाट, म्हणजे नापास केलेल्या बिड्या, निघायची ती वेगळी. अशी पन्नास वर्षं गेल्यावर अंगठा आणि बाजूचं बोट कसं होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. पाटा झिजतो तसं गुळगुळीत, रेषाच नाहीत. आता हा अंगठा मशीनवर ठेवायचा आणि मशीननं सांगायचं की बाई जिवंत आहे. पहिल्या सेंटरवर पाच वेळा लाल दिवा लागला. तिथला पोरगा म्हणाला आजी हात धुवून या, त्या धुवून आल्या, पदराला पुसून ठेवला, डोक्याचं तेल लावून ठेवला, तरी लालच. दुसरीकडं सर्व्हर डाऊन. तिसरीकडं परत अंगठा. शेवटी त्या काउंटरवरच्या माणसाला म्हणाल्या, "मी जितीच हाय की ओ, तुमच्या म्होरं उभी हाय." मला त्याच्यापुढं काय बोलावं सुचलं नाही.

दाखला लागला नाही म्हणून चार महिने त्यांची पेन्शन बंद होती. पेन्शन किती? महिन्याला 1000 रुपये.

काम कसं झालं तेही सांगतो, कारण सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं त्याच्या मोबाईलवर जीवन प्रमाण हे हयातीचा दाखला काढायचं सरकारी अॅप टाकलं, आधार नंबर आणि पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर घातला, मावशींच्या तोंडासमोर कॅमेरा धरला, डोळे मिटा उघडा म्हणाला आणि झालं. अंगठ्याची गरजच नाही. ही चेहऱ्याची सोय येऊन कितीतरी वर्षं झाली, मग तीन सेंटरवर एकानंही ते का सांगितलं नाही? पोस्टमनसुद्धा घरी येऊन दाखला काढून देतो. आणि ईपीएसवाल्यांनी, म्हणजे आमच्यासारख्या भविष्य निधीकडून पेन्शन घेणाऱ्यांनी, नोव्हेंबरमध्येच गर्दी करायची गरज नाही, ज्या दिवशी दाखला दिला त्या दिवसापासून एक वर्ष चालतो. अडकलेली पेन्शनसुद्धा दाखला लागला की मागच्या बाकीसकट मिळते. हे कुणीतरी पेठेत येऊन सांगायला पाहिजे ना?

आता त्या हजार रुपयाबद्दल. लोकांना वाटतं सरकार म्हाताऱ्यांना मदत करतंय. तसं नाही. ईपीएस-95 ही कामगारांची पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली, मालक आपल्या नावावर पगाराच्या 12 टक्के जो हिस्सा फंडात, म्हणजे भविष्य निधीत, भरतो त्यातले 8.33 टक्के या पेन्शन फंडात जातात. म्हणजे ते पैसे फंडाच्या खात्यात न पडता पेन्शनकडं वळवलेले आहेत, आमच्याच मजुरीचा तो भाग आहे, केंद्र सरकार वरून 1.16 टक्के घालतं. बिडीला फंड 1977 साली लागू झाला, तेव्हा मालक लोक म्हणायचे घरी बसून वळणारी बाई आमची कामगारच नाही. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1985 साली कोर्टानं सांगितलं की घरी वळणारीसुद्धा कामगारच आहे. इतकं भांडून मिळालेला हक्क आहे हा.

माझा स्वतःचा हिशोब देतो. मी आधी एका मिलमध्ये होतो, ती बंद पडली तेव्हा घरात खायचे वांधे, फंड होता तेवढा काढून घेतला, त्यामुळं ती सगळी सर्व्हिस पेन्शनमधून गेली. 1996 ला दुसऱ्या कारखान्यात लागलो, 2013 ला 58 पूर्ण झाले, रिटायर झालो, 17 वर्षं भरली. शेवटी पगार 9000 च्या पुढं होता पण तेव्हा पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 6500 ची होती म्हणून 6500 च धरले. पगार गुणिले वर्षं भागिले 70 असं पेन्शनचं सूत्र आहे, म्हणजे 6500 गुणिले 17 भागिले 70, आले 1578 रुपये. तेव्हापासून आजपर्यंत तेवढेच, एक रुपया वाढलेला नाही, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला बाराशे जातात, राहिलेल्यात काय होतं ते घर चालवणाऱ्याला सांगायला नको.

किमान पेन्शन 1000 केली ती सप्टेंबर 2014 मध्ये. अकरा वर्षं उलटून गेली, तिथंच आहे. त्याच्याही आधी 2013 साली राज्यसभेच्या समितीनं किमान 3000 द्या अशी शिफारस केली होती, त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढं आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ती शिफारस अजून कागदावरच आहे. राज्य सरकार श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्यांना 1500 देतं, ते द्यायलाच पाहिजेत, माझी त्याला अजिबात हरकत नाही, पण जिच्या नावावर वर्षानुवर्षं हिस्सा भरला गेला त्या बाईला त्याच्यापेक्षाही पाचशे कमी मिळावेत हे मला पटत नाही. पेन्शनर लोक 7500 आणि महागाई भत्ता मागताहेत, दिल्लीला जाऊन बसताहेत, सत्तर वर्षाची माणसं थंडीत उघड्यावर बसताहेत. आणि पेन्शन म्हणजे मेहेरबानी नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1982 सालीच नकारा केसमध्ये सांगून ठेवलंय. ती केस सरकारी पेन्शनरांची होती हे खरं, पण लूमवर उभं राहिलेल्या माणसाचं म्हातारपण काय वेगळं असतं का?

जी पोरं-पोरी आत्ता एमआयडीसीत, टॉवेलच्या नाहीतर गारमेंटच्या कारखान्यात लागलीत त्यांना हात जोडून सांगतो, नोकरी सोडली की लगेच फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका, मी जे केलं ते करू नका. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सर्व्हिसचा दाखला, घ्या, दुसरीकडं लागला की सर्व्हिस जोडली जाते, आणि दहा वर्षं भरली की 58 ला पेन्शन मिळतेच. आणि यूएएनवर, म्हणजे आपल्या फंडाच्या नंबरवर, नाव, जन्मतारीख आधारसारखीच आहे का ते आजच बघा. आपल्याकडं तेलुगू घरातल्या बायकांचं तर फार होतं, कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात स्पेलिंग तिसरंच, आणि रिटायर झाल्यावर कळतं. ज्या कारखान्यानं नाव घातलं तो तोपर्यंत बंद झालेला असतो, मग सही कुणाची आणायची?

दर महिन्याच्या 27 तारखेला भविष्य निधीवाल्यांचा जिल्ह्यात 'निधी आपके निकट' हा कॅम्प असतो. माझी विनंती आहे की तो आलटून पालटून साखर पेठ, दत्तनगर, कुंभारीच्या बिडी घरकुलात घ्यावा, दुपारी घ्यावा म्हणजे बायकांना बिडी देऊन येता येईल, आणि तिथं चेहऱ्यावरून दाखला काढणारा एक माणूस बसवावा. खासदारांनी 3000 ची शिफारस तरी संसदेत पुन्हा काढावी. आणि आपल्या पेपरात हयातीच्या दाखल्याची माहिती एका चौकटीत छापली तर फार उपकार होतील, मी ते कात्रण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानावर चिकटवणार आहे, मावशी रोज संध्याकाळी तिथंच बसतात.

आपला,
एक निवृत्त कामगार,
साखर पेठ, सोलापूर