फोटोग्राफरला थेट लग्नाच्या दिवशीच कशाला भेटता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

लग्नसराई आली म्हणून लिहितोय. आपल्या खान्देशात लग्न ठरलं की मांडव, आचारी, डीजे, सोनं (जळगावच्या सोन्यात कोणी घासाघीस करत नाही बरं) सगळं आधी बुक होतं, आणि फोटोग्राफरचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतंच, "कसाले इतला पैसा वाया घालस भो, पोरांकडे चांगले मोबाईल आहेत ना." मोबाईल वाईट आहे असं मी म्हणत नाही, हळदीच्या नाचाचे रील पोरं झकास काढतात. पण लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारचा, पारा ४४ च्या पुढे, ऊन बरोबर डोक्यावर म्हणजे सगळ्यांच्या डोळ्याखाली काळ्या सावल्या, आणि वर लाल-गुलाबी कापडाचा मांडव, तिथे मोबाईल काय करणार?

अमळनेरला आमच्या भाचीच्या लग्नात जो फोटोग्राफर होता तो आठवडाभर आधी, आणि मुद्दाम मुहूर्ताच्याच वेळेला, लॉनवर आला. तिथे आदल्या लग्नाचा मांडव अजून उभा होता. त्याने खिशातला पांढरा रुमाल काढला, स्टेजवर उभं राहून हातात धरला आणि भाचीच्या वडिलांना म्हणाला, बघा, रुमाल गुलाबी दिसतोय, नवरीचा चेहरा पण असाच दिसणार आणि नंतर कॉम्प्युटरवर मी कितीही घासलं तरी पूर्ण जाणार नाही. मांडववाला कुरकुरला, डेकोरेशनचा लूक जातो म्हणे, पण स्टेजवर तेवढं पांढरं कापड लागलं. पैसे कॅमेऱ्याचे नसतात हो, या रुमालाचे असतात.

मग संध्याकाळी ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली, आणि त्याने वहीच काढली. आजींचा फोटो कधी, तर सकाळी नऊच्या आत, नंतर त्या थकतात. सुरतवाले काका रात्रीच्या गाडीने परत जाणार, म्हणून त्यांच्या घरचा ग्रुप फोटो पंगतीच्या आधी. कोणाचं कोणाशी बोलणं नाही हेसुद्धा त्याने हळूच विचारून घेतलं, म्हणजे ऐन स्टेजवर दोघांना शेजारी उभं करायला नको. रुखवत मांडून झाल्या झाल्या, बायकांची गर्दी व्हायच्या आत काढायचं. स्टेजमागे एलईडी वॉल लावणार असाल तर आदल्या रात्री चालू करून दाखवा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. हे सगळं बसून बोलल्याशिवाय त्या बिचाऱ्याला कळणार कसं? आणि घरचं एक माणूस दिवसभर त्याच्यासोबत द्या, ज्याला मामा कोण आणि मावसा कोण ते माहीत आहे (त्याला वेळेवर जेवायला पण तोच माणूस विचारेल, एरवी कोणी विचारत नाही).

आपल्याच चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड हवा तसा पाडून आख्खा देखावा उभा करायचे आणि मग फोटो घ्यायचे. त्यांचं घर आज संग्रहालय आहे, लग्नाला चाळीसगावला गेलात तर जाऊन या. ते फोटो पाहिले की लक्षात येतं, बटण दाबणं हे सगळ्यात शेवटचं काम.

प्री-वेडिंगचं मला स्वतःला फार कौतुक नाही, पण करायचंच असेल तर तेही ठरवून करा. चाळीसगावजवळचं पाटणादेवी अभयारण्यात येतं, तिथे परवानगीचं आधी विचारा, आणि भर दुपारी जाऊ नका, सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर. खर्च परवडत नसेल तर दोन दिवसांऐवजी फक्त हळद ते सप्तपदी एवढ्यालाच चांगला माणूस लावा, ड्रोन नसला तर कोणाचं काही अडत नाही.

बोलणं झालं की कागदावर घ्या. किती माणसं येणार, कॅमेरा बंद पडला तर दुसरा आहे का, फोटोंची कॉपी दोन ठिकाणी ठेवणार का, अल्बम कधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा म्हणजे आपला असतो, त्यामुळे आपल्या पोरीचे फोटो त्याने इन्स्टाग्रामवर टाकायचे की नाही तेही त्याच कागदावर लिहून टाका.

आणि अल्बम वर्षभर आला नाही म्हणून फोटोग्राफरच्या नावाने ओरडणारे पण खूप आहेत. ओरडा, पण आधी घरात विचारा, अल्बमसाठी फोटो निवडायला त्याने दिलेला पेनड्राईव्ह कोणाच्या कपाटात पडलाय.

आपला,
एक नियमित वाचक, जि. जळगाव