ऑक्टोबरात सेंट लुईसला जाऊया का, बाबा?

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहायला बसले. बाबा "बरं आहे, आईकडं देतो" म्हणून दोन मिनिटात मोकळे होतात आणि आई, तुझ्याशी बोलायला लागलं की चिऊ फोन ओढते. लांबलचक झालंय, आई तू चहा झाल्यावर बाबांना वाचायला दे, किंवा तूच मोठ्यानं वाच.

तर तुम्ही गणपती पोचवून निघताय हे पक्कं झालं, व्हीलचेअरचं पण एअरलाइनला सांगून ठेवलंय. आता माझ्या मनातलं सांगते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस मी आणि बाबा, दोघंच, सेंट लुईसला जाऊन येऊ. आई, तू घरी चिऊजवळ. तूच म्हणालीस ना की मला आता फिरणं नको, गुडघे बोलतात, मी नातीजवळ बसते, तू ह्यांना कुठंतरी ने. तुझं ते वाक्य डोक्यात राहिलं.

सेंट लुईस आमच्या शिकागोच्या खाली, पावणेपाचशे किलोमीटरवर, सांगली-मुंबईपेक्षा जरा लांब. मी नऊ वर्षं झाली इथं राहते पण एकदाही गेलेली नाही. तिथं आपलं ओळखीचं कुणी नाही, मला रस्ते माहीत नाहीत, कुठं काय मिळतं माहीत नाही. आणि म्हणूनच मला बाबांबरोबर तिथं जायचंय.

बाबा, मागच्या वेळेस चिऊच्या बाळंतपणाला आलात तेव्हा तुम्ही चार महिने आमच्याकडं पाहुण्यासारखे राहिलात. फ्रीज उघडताना विचारायचात. मायक्रोवेव्हला हात लावायचा नाहीत. सकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचात कारण पुढं फुटपाथच नव्हता. मी बाळात आणि ऑफिसात इतकी अडकलेली की मला ते दिसलंच नाही, आणि निघायच्या आदल्या रात्री बॅगेला कुलूप लावता लावता तुम्ही म्हणालात, "इथं मला कुणी काही विचारत नाही." तक्रार म्हणून नाही, साधंच म्हणालात. पण मला माहितीये सांगलीत पावसाळ्यात तुम्हाला कोण कोण विचारतं ते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गावभागातली अर्धी माणसं पाटबंधारे खात्याचा आकडा येण्याआधी तुम्हाला फोन करतात, कृष्णेला आयर्विन पुलापाशी पाणी किती होईल, सामान वर चढवू का. आणि तुम्ही कोयनेचा विसर्ग, वारणेचा फुगवटा, अलमट्टीचं पाणी सगळं मनात धरून सांगता, आज नको, उद्या दुपारी बघा. असे तुम्ही माझ्या घरी सोफ्याच्या एका कोपऱ्यात चार महिने गप्प बसला होतात. मला ते अजून टोचतं.

आता सेंट लुईसच का ते सांगते. ते शहर मिसिसिपीच्या काठावर आहे आणि तिथं लोक नदीची पातळी आपल्यासारखीच फुटात बोलतात. शहराचं पाणी मोजायचं ठिकाण आहे ते ईड्स पुलाजवळ, म्हणजे त्यांचा आयर्विनच समजा. पूरपातळी ३० फूट. १९९३ च्या महापुरात १ ऑगस्टला पाणी ४९.५८ फुटांवर गेलं, तो आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. त्यांची पूरभिंत ५२ फुटांपर्यंतच्या पाण्याच्या हिशेबानं बांधलेली, म्हणजे अडीच फूटही शिल्लक नव्हते. दुसरा मोठा पूर २०१९ च्या जूनमधला, ४६ फूट. बाबा, २०१९! जूनमधे इथल्या बातम्यात ते चालू होतं आणि मी बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि दोनच महिन्यांनी मी इथं रात्रभर जागून फोनवर आयर्विनचा आकडा बघत होते, ५५, ५६, ५७ च्या वर, आणि तुमचे दोघांचे फोन बंद. त्या रात्री मला एवढंच कळत होतं की ४५ ला धोका म्हणतात आणि आपल्या घराच्या पायरीला कितीला पाणी लागतं ते तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं.

अजून एक. तिथली पातळी शून्याच्या खालीसुद्धा जाते! १९४० च्या जानेवारीत उणे सहा फूट झाली होती. मला आधी कळेना, नदी उणे कशी, मग तुमचं आठवलं की आकडा म्हणजे खोली नव्हे, शून्य कुठं धरलंय ते आधी विचारायचं. तर ते तिथं उभं राहून मला परत नीट समजावून सांगा, मला खरंच ऐकायचंय. आणि मिसुरी नदी सेंट लुईसच्या जरा वरच मिसिसिपीला मिळते, आपल्या हरिपूरसारखं. संगमेश्वर नाही तिथं, पण दोन पाण्यांचा संगम आहे. गाडी करून जावं लागेल, जायचं का ते तुम्ही ठरवा.

तो ईड्स पूल १८७४ चा. बांधणारा जेम्स ईड्स, त्यानं आधी एकही पूल बांधलेला नव्हता, पण बुडालेल्या बोटींमधला माल काढायचा त्याचा धंदा होता, डायव्हिंग बेलमधे, म्हणजे खालून उघड्या हवेच्या पेटीत बसून तो स्वतः मिसिसिपीच्या तळावर चाललेला, त्यामुळं खालची वाळू किती सरकते ते त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं हट्टानं खाली खडकापर्यंत पाया नेला. इतक्या मोठ्या पुलाला मुख्य माल म्हणून स्टील वापरायची ती पहिली वेळ. पाण्याखालच्या दाबाच्या पेट्यात काम करून वर आल्यावर मजुरांचे सांधे धरायचे, लुळे पडायचे, डझनाहून जास्त माणसं गेली, कारण दाब हळूहळू कमी करायला हवा हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. आणि पूल झाल्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याच्यावरून हत्ती चालवला! हत्ती कच्च्या पुलावर पाय टाकत नाही असा समज होता म्हणे. आता त्याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून मेट्रोलिंक, म्हणजे तिथली शहरातली ट्रेन जाते, वरून गाड्या आणि चालायचा रस्ता. म्हणजे एकदा ट्रेननं ओलांडू, एकदा चालत. तुम्ही आयर्विनवर मला खांद्यावर घेऊन पाणी दाखवायला न्यायचात तसं, फक्त आता तुम्ही माझा हात धरा.

दुसरं कारण बुद्धिबळ. हे आधी सांगितलं असतं तर बाकीचं तुम्ही वाचलंच नसतं, म्हणून नंतर ठेवलं. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून सेंट लुईसला भरते. सिंकफील्ड कप ही बड्या खेळाडूंची स्पर्धा तिथलीच, २०१४ ला कारुआनानं पहिले सातच्या सात डाव जिंकले ती. वर्ल्ड चेस हॉल ऑफ फेम तिथं आहे, बाहेर साधारण २० फूट उंच राजा उभा केलाय, आणि समोरच सेंट लुईस चेस क्लब. राष्ट्रीय स्पर्धा बऱ्याचदा ऑक्टोबरातच असते, तारखा जुळल्या तर तेच चार दिवस धरू.

समोरच्या वाड्यातले काका गेल्यापासून तुमचा पट माळ्यावर आहे असं आई म्हणाली. नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांसमोर बसून शिकलेला माणूस तुम्ही. पण नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला टायब्रेकमधे हरवून महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप घेतला त्या दिवशी तुम्ही आपणहून मला फोन केलात, वीस मिनिटं बोललात, मला अर्धं कळलं नाही पण मी फोन ठेवला नाही. तर पट काढून पुसून बॅगेत टाका, सोंगट्या वेगळ्या पिशवीत. हॉटेलात रात्री माझ्याशी खेळायचं. मुद्दाम हरायचं नाही.

जायचं ट्रेननं. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून, पाच तासाच्या आसपास. विमानाला जाऊन-येऊन-सिक्युरिटी धरून वेळ तेवढाच जातो, आणि खिडकीतून इलिनॉयची मका-सोयाबीनची काढणी बघता येते, मैलोन् मैल सपाट, तुम्हाला तासगाव-मिरजेची सवय, एवढी जमीन आणि बांध नाही हे बघून तुम्ही काहीतरी बोलालच. वाटेत स्प्रिंगफील्ड लागतं, लिंकनचं गाव. पासपोर्ट जवळ ठेवायचा, गोळ्या खांद्याच्या पिशवीत, बॅगेत नाही.

राहायचं कुठं याचा मी बराच विचार केला. डाउनटाउन संध्याकाळी रिकामं होतं आणि त्या शहरात गुन्ह्यांचं नाव वाईट आहे, हे मी लपवत नाही कारण आई, तू शेजारच्यांकडून ऐकणारच. म्हणून सेंट्रल वेस्ट एंड भागात राहू. चेस क्लब तिथून चालत, मेट्रोलिंकचं स्टेशन जवळ, आणि बार्न्स-ज्युइश हे मोठं हॉस्पिटल अगदी लागून, बाबांच्या बीपीमुळं मला त्याचं बरं वाटतं. अंधार पडला की आपण खोलीत. बाबांचा इन्शुरन्स मी इथून काढते, बाबा, तुम्ही फक्त डॉक्टरांकडून गोळ्यांची नावं लिहून आणा, ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही डॉलर गुणिले रुपये करणार हे मला माहितीये. फॉरेस्ट पार्क नावाची प्रचंड बाग आहे, १९०४ चं जागतिक प्रदर्शन तिथंच भरलं, तिथलं आर्ट म्युझियम, प्राणीसंग्रहालय, हिस्टरी म्युझियम सगळ्याला प्रवेश फुकट. लोकांच्या घरपट्टीतून त्याचा खर्च निघतो. तर त्या दिवशी गुणाकार नको.

गेटवे आर्च मात्र माझं अजून ठरत नाहीये. ६३० फूट उंच स्टीलची कमान, पायापासून पायाचं अंतर पण ६३० फूट, १९६५ ला पूर्ण झाली, डिझाइन करणारा सारीनेन त्याआधीच चार वर्षं वारला होता, त्यानं ती उभी बघितली नाही. वर जायला पिंपासारख्या छोट्या डब्या, एकात पाच माणसं गुडघ्याला गुडघे लावून, चार मिनिटं. पायऱ्या पण आहेत, वर बसायला काही नाही. तुम्हाला कोंडल्यासारखं होईल का? एमआरआयच्या वेळेस झालं होतं, ते मी विसरले नाही. नाही जमलं तर खालच्या बागेत बसू, तिथून नदीकडं उतरणाऱ्या मोठ्या पायऱ्या आहेत, १९९३ ला पाणी त्या पायऱ्या चढून वर आलं होतं. मला वाटतं तुम्हाला कमानीपेक्षा त्या पायऱ्याच आवडतील.

आणि नदीपलीकडं, इलिनॉयच्या बाजूला, कहोकिया. हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ लोकांनी मातीचे डोंगर रचले, सगळ्यात मोठा शंभर फूट उंच, टोपल्यांनी माती वाहून, ना चाक ना जनावर. युनेस्कोच्या यादीत १९८२ पासून आहे. वारणेच्या धरणावर मातीचे थर कसे दाबत आणायचे, पाणी किती मारायचं हे तुम्ही मला सांगायचात, तर ही माती इतकी वर्षं टिकली कशी ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. पायऱ्या चढायला वेळ लागू दे, घाई कुणाला आहे.

आई, आता तुझं. तुला टाकून चाललोय असं मनात आणू नकोस. तुझ्यासाठी नंतर वेगळं काढलंय, गाडीनं जाण्यासारखं, जास्त न चालता, ते तुझ्याशी फोनवर. फक्त आम्हाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दे, बाबांना तिथलं जेवण सोसेलसं वाटत नाही, आणि इकडं येताना भडंग आण, दोन किलो तरी. बाबांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर आण, ऑक्टोबरात सकाळी आपल्या जानेवारीसारखं गार असतं.

बाबा, मी फक्त हॉटेल आणि ट्रेन बघून ठेवलीये, अजून बुक काही केलं नाही. कुठल्या दिवशी काय, आधी पूल की आधी क्लब, संगमावर जायचं का, आर्च चढायची का, हे तुम्ही ठरवायचं. मला पहिल्यांदा कोल्हापूरला स्पर्धेला नेलंत तेव्हा तुम्ही जुन्या पाकिटाच्या मागं एसटीची वेळ, उतरायचा स्टॉप, जेवायची खानावळ, सगळं लिहून घेतलं होतं, आणि स्टँडवर उतरल्यावर तरी तीन माणसांना विचारलंत. मी तुमचं बोट धरून उभी होते आणि मला जराही भीती वाटली नाही. तसंच पाकिटावर लिहा आणि त्याचा फोटो आईला पाठवायला सांगा. रस्ता चुकलो तर दोघं मिळून विचारू.

इथं सकाळी साडेसातला मी मोकळी असते, तुमचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, तेव्हा फोन करा. आईकडं लगेच देऊ नका. परवापासून कोयनेच्या बातम्या बघतीये, पण मला त्यातलं नीट कळत नाही, आयर्विनला आज पाणी किती आहे आणि अजून किती चढेल?

तुमची,
छोटी