सिस्टर, त्या चिकटपट्टीबद्दल

महापालिकेच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरना सप्रेम नमस्कार.

करोनाच्या त्या दोन वर्षांत बायकोला कळा सुरू झाल्या की नवऱ्याची हद्द गेटपाशी संपायची. फाइल द्यायची, कपड्यांची पिशवी द्यायची आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. तिथे ताटकळत उभ्या राहिलेल्या सगळ्या बाबांच्या वतीनं हे पत्र लिहितोय. तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, ते अजून मनाला खातं.

फाइल हातात घेताना तुम्ही विचारायचात, "हिला कशानं बरं वाटतं?" ऐकणारा क्षणभर गोंधळायचा, कारण तोवर सगळ्यांनी फक्त आधार कार्ड, रक्तगट आणि स्वॅबचा रिपोर्ट विचारलेला असायचा. मग तो सांगायला लागायचा. सलाइनची सुई धरून ठेवायची पांढरी चिकटपट्टी तुम्ही वीतभर फाडायचात, त्यावर पेनानं लिहायचात आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लावायचात. "घरी माऊ म्हणतात. कंबर दाबावी. डावी कूस. कोमट पाणी घोट घोट." एवढंच. दोन ओळी!

पण त्या दोन ओळींचं मोल ज्यानं शेवटच्या महिन्यात बायकोची कंबर दाबून दिलीय त्याला विचारावं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळ पोटापेक्षा कमरेत जास्त उठते. तिथे चोळून फारसा उपयोग होत नाही, उलट चिडचिड होते. तळहाताचा मनगटाकडचा भाग माकडहाडाच्या जरा वर, सपाट हाडावर टेकवायचा, कळ चढताना दाब वाढवत न्यायचा, कळ असेपर्यंत, म्हणजे पाऊण-एक मिनिट, तसाच धरायचा आणि ओसरली की सोडायचा. किती जोर लावायचा हे बाईगणिक वेगळं. ते नवऱ्याच्या हाताला ठाऊक झालेलं असतं, आणि तो तर गेटबाहेर. तुमच्या पट्टीमुळे त्याच्या हातातलं कसब दोन-दोन हातमोजे घातलेल्या तुमच्या हातात पोचलं. कुशीचंही तसंच. उताणं झोपलं की भरलेल्या गर्भाशयाचं वजन मोठ्या नसेवर पडतं, आईचं बीपी उतरतं आणि बाळाचा रक्तपुरवठा घटतो. घाईगर्दीच्या वॉर्डात ही गोष्ट सहज राहून जाते. पट्टीवर लिहिलेली असली की राहत नाही.

तुमच्याआधी ज्यांनी दारातूनच बोळवण केली, त्यांचंही बोलायला हवं. नऊ महिने ज्यांच्याकडे नाव घातलं, सोनोग्राफ्या केल्या, आगाऊ पैसे भरले, त्याच खासगी दवाखान्यांनी ऐन वेळी हात वर केले. "आधी रिपोर्ट आणा." आरटीपीसीआरचा रिपोर्ट लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी यायचा आणि पाच-पाच मिनिटांवर आलेल्या कळा काही थांबत नाहीत. दुसरं बाळंतपण असेल तर दोन-तीन तासांतही मोकळी होते बाई. तपासणी झाली नाही म्हणून बाळंतपणासारखी तातडीची सेवा लांबवू नये, असं आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय परिषदेनं, मे २०२० मध्ये स्पष्ट लिहून दिलं होतं. बाळ बाहेर येताच रक्तस्राव आवरायला आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन लागतं. ते रिक्षात कोण देणार होतं? याचं उत्तर त्या काउंटरवाल्यांकडे आजही नसेल.

त्याच काळात मुंबईत नायर रुग्णालयात करोनाबाधित आयांची शेकडो बाळंतपणं झाली. तुम्हीही कुणाला परत पाठवलं नाहीत. पीपीई किट चढवलं की कित्येक तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. चष्म्यावर वाफ धरायची, शीर सापडायची नाही. डोक्यावरच्या टोपामुळे कानाला स्टेथोस्कोप लावता येईना, म्हणून बाळाचे ठोके डॉपलरवर, म्हणजे ठोके ऐकवणाऱ्या यंत्रावर, मोठ्यानं ऐकायचात. मास्क आणि शील्डच्या आडून तुमचा आवाजही नीट पोचायचा नाही. अशा वेळी आतल्या मुलीला कुणीतरी तिच्या घरच्या नावानं हाक मारत होतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगून ठेवायचात. "सगळं सुरळीत असलं तर आतून तपासणी चार-चार तासांनी होते. मध्ये निरोप आला नाही तर घाबरू नका, ठोके आम्ही अर्ध्या तासाच्या आत ऐकत असतो." बाहेर जीव टांगणीला लागलेला असतो तो मुख्यतः हे माहीत नसल्यामुळे. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही दहा-बारा तास लागू शकतात, हे कळलं की माणूस निदान चहा तरी पितो. फोन उचलला जात नाही म्हणून वॉचमनशी भांडत बसत नाही.

बाधित आईचं बाळ वेगळं ठेवून वरचं दूध पाजायची पद्धत अनेक ठिकाणी पडली होती. तुम्ही आईला मास्क लावून, तिचे हात धुऊन, तासाभरात बाळ छातीशी दिलंत. जागतिक आरोग्य संघटना तेच सांगत होती, पण भीतीच्या त्या दिवसांत ते करायला धीर लागत होता. माणुसकी म्हणतात ती मोठ्या भाषणांत फार कमी दिसते. समोरच्याला काय ठाऊक आहे हे विचारून घेणाऱ्या माणसांत ती दिसते, आणि अशी माणसं वॉर्डात, तलाठी कार्यालयात, एसटीच्या खिडकीवर, कुठेही भेटली की दिवस सोपा जातो.

आता एक मागणं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबतीला नात्यातली बाई ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मुभा दिली आहे, आणि पडद्याची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही. साथ ओसरली तरी बऱ्याच ठिकाणी नवरा अजून गेटबाहेरच आहे. पडदे लागतील तेव्हा लागोत. तोवर केसपेपरवर रक्तगटाच्या खाली "कशानं बरं वाटतं" अशी एक ओळ छापून घ्या, हे तुम्ही मेट्रनबाईंच्या कानावर घालाल का? अर्ज लिहून द्यायला, सह्या गोळा करायला आम्ही आहोत.

तुमचे ऋणी,
गेटबाहेर उभे राहिलेले बाबा