सिस्टर, ते स्टूल तिथेच राहील

सिस्टर,

तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालेला रुग्ण वॉर्डात आला की पहिले दोन दिवस नुसती पळापळ. बोन मॅरोची तपासणी, औषधासाठी शिरेत नळी, संमतीपत्रावर सह्या, ब्लड बँकेला फोन. केमोची औषधं, सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन, सगळं ठरलेलं. त्या धांदलीत पॅलिएटिव्ह टीमच्या, म्हणजे उपचार चालू असतानाच रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या टीमच्या तुम्ही पलंगाशी स्टूल ओढता, बसता आणि विचारता, "काल रात्री कितीदा जाग आली? कशानं?"

राउंडला आम्ही पायथ्याशी उभे राहून "बरं आहे ना?" म्हणतो. उत्तर ठरलेलं, "हो." तुमच्या प्रश्नातून "हो" म्हणून सुटका नाही. मग कळतं, गिळताना घसा सोलवटल्यासारखा होतोय, किंवा घरी लेकरांना काय सांगायचं या घोरानं डोळ्याला डोळा लागत नाही.

मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून ते सुरू होतं त्याच दिवशी पोट साफ ठेवणारं औषधही तुम्ही आम्हाला लिहायला लावता. पांढऱ्या पेशी तळाला गेल्यावर एनिमा किंवा गुदद्वारातून गोळी देता येत नाही, जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणजे पोट तुंबू न देणं हाच उपाय. प्लेटलेट कमी असताना अंगदुखीवर आयबुप्रोफेन नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पॅरासिटामॉल द्यायच्या आधी थर्मामीटर, नाहीतर ताप झाकला जातो. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. रात्री दोनला आठवत नव्हतं, इतकंच.

"पॅलिएटिव्ह? इतक्यात कशाला, पेशंट घाबरेल," म्हणणारे वरिष्ठ अजूनही आहेत. त्यांना तुमची आठवण व्हायची ती व्हेंटिलेटर लागल्यावर. रक्ताच्या कॅन्सरमध्ये आज बरं होण्याची आशा आणि परवा आयसीयू, दोन्ही खरं असतं. वाट बघायची ती कशाची? अमेरिकेत तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या 160 रुग्णांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये छापून आला. ज्यांना केमोसोबतच आठवड्यातून किमान दोनदा तुमच्यासारखी टीम भेटत होती, त्यांचं नैराश्य आणि धास्ती दुसऱ्या आठवड्यात कमी होती. केमो कोणाचीच थांबवली नव्हती.

आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि समाजसेवक आता पहिल्याच आठवड्यात येतात, तेही तुम्ही पिच्छा पुरवल्यामुळे. त्यांचेही आभार.

स्टूल राउंडच्या वाटेत येतं म्हणून परवा कोणीतरी कोपऱ्यात सरकवलं होतं. परत जागेवर ठेवलंय.

रक्तविकार विभागातले तुमचे सहकारी