आमच्या नोंदी तपासणाऱ्या सरांना, मनापासून आभार

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

पुणे परिसरातून ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) जाणाऱ्या नोंदी आपण स्वतःचा वेळ घालून, एक पैसा न घेता तपासता. शंका आली की नुसती फुली मारून मोकळं होत नाही, उलट प्रश्न पाठवता. शेपटीचं टोक दिसलं का? भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) कुठे संपत होती? आवाज झुडपाच्या शेंड्यावरून येत होता की आतून? या प्रश्नांमुळे आमच्या गटाची वही पार बदलली, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

सर्वांत जास्त गफलत होते ती शिंपी आणि राखी वटवट्या या दोन चिमुकल्या पक्ष्यांची. दोघेही बागेत, कुंपणात वावरणारे, साधारण 13 सेंटिमीटरचे आणि शेपटी वर करून नाचणारे. नीट दिसले तर प्रश्नच नाही: शिंप्याचं कपाळ तांबूस, पाठ हिरवट, पोट पांढुरकं, राखीचं डोकं राखाडी आणि पोटाकडे बदामी झाक. पण शिंप्याच्या पिल्लाला तांबूस टोपी नसते आणि पावसाळ्यात नेमकी तीच पिल्लं समोर येतात. तेव्हा आपण शेपटीकडे बघायला लावलंत. राखीच्या शेपटीतली पिसं पायऱ्या-पायऱ्यांनी लांब होत जातात. प्रत्येकाच्या टोकाला फिकट ठिपका आणि त्याच्या अलीकडे काळी पट्टी. शिंप्याच्या शेपटीला ही नक्षी नाही. आवाजाचंही तसंच. शिंपी ‘टुविट-टुविट-टुविट’ एकाच जोरात, एकाच चालीत ठोकत राहतो. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज, हीच पहिली खूण. राखीचं गाणं ‘जिमी-जिमी-जिमी’ असं घाईचं, आणि नेहमीची हाक नाकातून काढल्यासारखी ‘टीऽ-टीऽ’. झुडपातून उडताना चट-चट असा कोरडा आवाज आला, तर तो राखीच.

साधा आणि जंगली वटवट्या हे प्रकरण जरा किचकट. दोघेही मातकट, दोघांनाही भुवई. इथे आपण आधी जागा विचारता, आणि ते बरोबरच आहे. कवडी किंवा पाषाणच्या पाणगवतात, उसाच्या-ज्वारीच्या बांधावर बहुधा साधा. वेताळ टेकडी किंवा सासवडकडचे खडकाळ, काटेरी झुडपांचे उतार असतील, तर जंगलीचा विचार आधी करायचा. पण जागा म्हणजे पुरावा नव्हे, हेही आपणच बजावलंत. साध्याची भुवई ठळक, चोच बारीक. जंगली अंगानं थोराड, चोच जाड, भुवई पुसट. लांबीवर मात्र विसंबू नये, कारण हिवाळ्यात साध्याची शेपटी वाढते आणि तो उगाच मोठा वाटतो. गाणं ऐकलं की वाद मिटतो: साध्याची टोळासारखी कोरडी, सलग करकर, जंगलीचं झुडपाच्या शेंड्यावरून खणखणीत ‘पिट-प्रिटी, पिट-प्रिटी’. (राखी आणि साधा या दोघांचंही शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांवर काम करताना केलं. आपल्याच मुलखातल्या पक्ष्यांची नोंद आपणच ढिसाळ करावी, हे काही शोभत नाही.)

हिवाळी पाहुण्यांबद्दल थोडक्यात. सप्टेंबरपासून झुडपाच्या आतून ‘टक… टक’ ऐकू आलं की ब्लिथ्स रीड वॉर्बलर (वटवट्यासारखाच छोटा पक्षी), असं सगळेच धरून चालतात. आपण शेपटी बघायला सांगता: ब्लिथ्सची गोलसर, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बूटेड वॉर्बलरची टोकाला सरळ कापलेली आणि कडांना फिकट. ब्लिथ्सचं कपाळ चपटं, चोच लांब. ग्रीनिश वॉर्बलरच्या पंखावरची फिकट पट्टी मार्चपर्यंत झिजून जाते, तेव्हा ‘पट्टी नाही’ एवढ्यावरून दुसरं नाव देऊ नये. ‘चि-स्वी’ ही दोन तुकड्यांची हाक शोधावी.

ध्वनिमुद्रणाबाबतच्या आपल्या सूचना तर आम्ही छापूनच घेतल्यात. मोबाईल पक्ष्याकडे रोखून किमान 30 सेकंद गप्प उभं राहायचं. पक्षी गप्प झाल्यावर शेवटी आपल्या आवाजात वेळ, जागा, अंतर आणि पक्षी दिसला की नुसता ऐकला, हे बोलायचं. हाक आणि गाणं वेगळं लिहायचं. मर्लिन या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं नाव दाखवलं तरी पक्षी शोधायचा, कारण अ‍ॅपला फक्त आवाज कळतो, झुडूप दिसत नाही. आणि विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचं नाही: नर घरट्याचं काम सोडून भांडायला येतो. यावर आपण एकदाही सूट दिली नाहीत, त्याचे विशेष आभार.

5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात नोंदींचा ढीग पुन्हा आपल्याकडे येईल. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक वटवट्याबरोबर जागा, भुवई, शेपटी आणि आवाज या चार ओळी असतीलच. तरीही शंका वाटली तर खुशाल विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुण्यातले काही पक्षीनिरीक्षक